नदीपलीकडचे कागद

सालमीवारा, १४ जानेवारी

चि. लेआस,

वरती 'देवाची शांती असो' लिहायला हात गेला होता. मग आठवलं, ती आपण फक्त आपल्या मंडळीतल्यांना म्हणतो, आणि तू तीन वर्षांपूर्वी मंडळी सोडलीस. तेव्हा साधा नमस्कार. पोटच्या पोरीला परक्यासारखा नमस्कार लिहिताना कसं वाटतं, ते राहू दे.

बातमी तुला आईकडून कळलीच असेल. रविवारी मी प्रार्थनाघरात वाचायला उभा असतो त्या तासाभरात ती तुला फोन करते, हे मला ठाऊक आहे. परतल्यावर मी अंगणात बूट जरा जास्तच वेळ झटकतो, तुमचं बोलणं आटपावं म्हणून. तरी माझ्याकडूनही कळायला हवं, म्हणून लिहितो. तुझ्या आईला दिवस गेले आहेत. मेच्या मध्यावर बाळ येईल. दहावं.

मी एकोणपन्नासचा, ती त्रेचाळीसची. बर्फगाड्यांच्या शेडमध्ये माझ्या सोबतचा रूने म्हणाला, "हेल्मर, गावची शाळा बंद पडू नये म्हणून एकट्यानेच किती राबशील?" सगळे हसले. मीही हसलो.

तुम्ही आठ जण जिथे जन्मलात तो आपल्याकडचा बाळंतपणाचा वॉर्ड दोन वर्षांपूर्वी बंद झाला. आता किनाऱ्यावरच्या मोठ्या दवाखान्यात जायचं, एकशे बेचाळीस किलोमीटर. त्यातले अठ्ठावन्न किलोमीटर मीच साफ करतो, म्हणून रस्ता कुठे दगा देतो ते मला माहीत आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी आम्हाला एका वर्गाला बोलावलं. विषय काय, तर वाटेत गाडीतच बाळ झालं तर काय करावं. पंचविशीतली एक सुईण टॉवेलात बाहुली गुंडाळून दाखवत होती. शेवटी प्रत्येक जोडप्याला एक पिशवी मिळाली. तिच्यात दोन टॉवेल, नाळेचा चिमटा, लोकरीची टोपी. ती आईला म्हणाली, "मारितताई, तुम्हाला काय शिकवायचं, तुम्हीच आम्हाला शिकवा." आई म्हणाली, "मला येतं गं. पण त्या वेळी मी कामात असेन. याला शिकव."

एवढ्या मोठ्या दवाखान्याने माणसाच्या हातात दोन टॉवेल द्यावेत आणि जा म्हणावं, याचा मला राग आला. तू त्याच कामात आहेस. तुझ्या त्या दक्षिणेकडच्या शहरातही असंच चालतं का?

प्रत्येक खेपेला नवी सुईण भेटते. प्रत्येक जणी पहिल्यापासून विचारते. युहोच्या वेळी काय झालं होतं, असं विचारलं की आई सांगते, नदीपलीकडे फिनलंडमध्ये मंडळीचा उन्हाळी मेळावा होता, तिथेच कळा सुरू झाल्या, तिथल्या दवाखान्यात पोट कापून बाळ काढलं, मला भूल दिली होती, रक्त बरंच गेलं म्हणतात. मग त्या विचारतात, तिथले कागद? आई माझ्याकडे बघते. मी म्हणतो, ते पाठवणार होते.

युहो तीन वर्षांचा झाला. दांडगा आहे. तुझा फोटो दाखवला की "लेआ" म्हणतो.

तुझे बाबा


५ फेब्रुवारी

चि. लेआस,

उत्तराची वाट न बघता लिहितो आहे. न लिहिण्याचा हक्क तुला आहे.

सोनोग्राफीत त्यांना बाळाची वार खाली दिसली आहे. गर्भपिशवीच्या तोंडाशी, जुन्या टाक्यांच्या बाजूला. डॉक्टर डेन्मार्कहून आठवड्यापुरते विमानाने आलेले होते, शुक्रवारी परत जाणारे. ते म्हणाले की पोट वाढेल तशी वार बहुतेकदा वर सरकते, बत्तिसाव्या आठवड्यात पुन्हा पाहू. मग म्हणाले, "मागच्या वेळी वार नीट सुटली होती का? ते कळलं तर बरं. तिथले कागद बघायला हवेत." सुईणबाई म्हणाल्या, मागवलेत. ते म्हणाले, कधी? त्यांनी पडद्यावर बघितलं आणि म्हणाल्या, ऑक्टोबरमध्ये.

काय म्हणायचं याला? नदीच्या त्या काठावरून एक कागद या काठावर यायला चार महिने पुरत नाहीत. दोन देशांच्या मध्ये पूल आहे, त्यावर बर्फ धरू नये म्हणून मी स्वतः मीठ टाकतो. तिकडून दूध येतं, लाकूड येतं, लग्नाला वऱ्हाडं येतात. कागद तेवढा येत नाही. मी तिथे जरा चढ्या आवाजात बोललो. सुईणबाई बिचारी लाल झाली, म्हणाली, "हेल्मर, मला इथे तीनच आठवडे झाले." परतताना आई म्हणाली, "त्या पोरीला का बोललास? तू तर कधी कोणाला बोलत नाहीस." समोर रेनडियरचा कळप होता, गाडी थांबवावी लागली.

ती दमते. पूर्वी नवव्या महिन्यातही भाकऱ्या भाजून उभ्या-उभ्या कॉफी प्यायची. आता बसून घेते आणि बसल्यावर पोटावर हात ठेवून ऐकत राहते, शेजारच्या खोलीत कोणी बोलत असावं तशी.

बाबा


२२ फेब्रुवारी

लेआ,

आईच्या अंगावरून गेलं. मंगळवारी दुपारी, पोरांना वाढताना. दुखलं-खुपलं काही नाही. लाल रक्त, फरशीवर वाडगाभर. मधल्या एलियासने बघितलं, तो अजून नीट जेवत नाही.

फोन लावला तर आधी यंत्र बोललं, तुमचा क्रमांक चौदावा. मग बाई आल्या. त्यांनी विचारलं, कितवं बाळंतपण? दहावं म्हटल्यावर त्यांचा आवाज सैल पडला. "म्हणजे अनुभवी आहात. घाबरू नका, सावकाश या." सावकाश म्हणे.

वॉर्डात खाट नव्हती. कॉरिडॉरमध्ये पडद्यामागे ठेवलं. दोन दिवस काही गेलं नाही, तर घरी पाठवलं. आई म्हणाली, "लेआ म्हणते, नीट तपासल्याशिवाय उठायचं नाही." तिने तसं त्यांना सांगितलंही. सुईणबाई म्हणाल्या, बारकाईची सोनोग्राफी करणारे डॉक्टर पुढच्या आठवड्यात आहेत, तारीख कळवू. खाट रिकामी करून हवी होती, हे कोणी बोललं नाही, पण सफाईवाली बाई गादीपुसणं घेऊन पडद्याशी उभीच होती.

निघताना त्या पुन्हा म्हणाल्या, नदीपलीकडून अजून उत्तर नाही. मी म्हटलं, कागद आल्याने असा काय फरक पडणार, पोटात आहे ते आहेच. आईने माझ्याकडे वळून बघितलं. हा तोच नवरा, जो पंधरा दिवसांपूर्वी याच कागदांवरून भांडला होता.

तुझं पाकीट मी घरी आलो तेव्हा पेटीत होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा तुझं अक्षर बघितलं. आत दोनच ओळी. "बाबा, मागच्या वेळी डॉक्टर तुमच्याशी काय बोलले होते? आणि तिथले कागद कोणाच्या हातात दिले होते?"

उत्तर देईन. आज नाही.

बाबा


१३ मार्च

चि. लेआस,

तुझ्या प्रश्नाला उशीर झाला. गेले पंधरा दिवस बर्फ थांबत नाही. सकाळी चारला निघतो, आणि मी मागे वळेपर्यंत रस्ता पुन्हा पांढरा झालेला असतो.

तू हेच तेव्हाही विचारलं होतंस. युहो चार दिवसांचा होता, आई तिथल्या दवाखान्यात तापाने फणफणली होती, आणि तू शिकाऊ सुईणीच्या त्या हिरव्या स्वेटरमध्ये स्वयंपाकघरात उभी राहून म्हणालीस, "डॉक्टर काय म्हणाले? शब्द न् शब्द सांगा." मी म्हटलं, विशेष काही नाही. तू म्हणालीस, "आणखी किती वेळा, बाबा? ती मरेपर्यंत?" मी म्हटलं, हे ठरवणारे आपण कोण. मग तू गेलीस.

डॉक्टर घाईत होते. बरंच बोलले, मला नीट आठवत नाही. कागदांचं म्हणशील तर ते मला दिल्याचंही नक्की आठवत नाही. त्या गोंधळात कोणी काय कोणाला दिलं.

बत्तिसाव्या आठवड्याची तपासणी पुढे ढकलली. येणारे डॉक्टर आलेच नाहीत, दुसरे एप्रिलमध्ये आहेत. मी आता भांडत नाही. सुईणबाई म्हणाल्या की या खेपेला त्यांनी नदीपलीकडे माणसाच्या नावाने पत्र लिहिलं आहे, आता नक्की उत्तर येईल. कागद कोणाला दिला आणि सही कोणी केली, तेही त्यांच्या वहीत असतं म्हणे.

तुझ्या आईला पायऱ्या चढू देत नाही. मुलांनी खाली पलंग आणला आहे.

बाबा


२८ मार्च, दवाखान्यातून

लेआ,

आई आहे. हे आधी लिहितो. बाळही आहे, अजून पोटातच.

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. मला शब्द न् शब्द आठवतो.

ते वयस्क डॉक्टर होते, पांढऱ्या भुवयांचे. माझ्या शेजारी बाकावर बसले. म्हणाले, वार पिशवीच्या भिंतीत रुतली होती, खरवडून काढावी लागली. तुमची बायको थोडक्यात वाचली. पुन्हा दिवस गेले तर वार त्याच जखमेत रुतेल, आणि त्या वेळी ती वाचेल असं मी सांगू शकत नाही. ती शुद्धीवर आली, ताप उतरला की तिला सांगा. सगळं यात लिहिलंय. पाकीट त्यांनी माझ्या हातात दिलं आणि वहीत माझी सही घेतली.

ताप उतरला. मी सांगितलं नाही.

कारण लिहितो, समर्थन म्हणून नाही. आपल्याकडे मुलं मोजत नाहीत, नाकारत नाहीत. मला वाटलं, हे तिला सांगणं म्हणजे तिच्या एका खांद्यावर मरणाची भीती आणि दुसऱ्यावर पापाची भीती ठेवणं. ती कुठे वळली असती, मला माहीत नव्हतं. खरं तर मला माहीत करून घ्यायचं नव्हतं. ती माझ्याकडे पाठ करून झोपली असती, किंवा तू म्हणत होतीस ते उपाय मागितले असते, आणि रविवारी सगळ्यांसमोर वाचायला उभा राहणारा मी कोणत्या तोंडाने उभा राहिलो असतो? तेव्हा मी तिची काळजी म्हणून गप्प बसलो, असं स्वतःला सांगितलं. पाकीट शेडमधल्या माझ्या कपाटात ठेवलं, ग्रीसच्या डब्यांमागे. जाळलं नाही. जाळलं असतं तर निदान मी कोण आहे ते मला कळलं असतं.

पण ते टोचत होतं. तेव्हा आपली जी रीत आहे तसं मी केलं. त्याच हिवाळ्यात मंडळीतल्या म्हाताऱ्या ऑस्करपाशी गेलो आणि प्रार्थनाघराच्या मागच्या बाकावर सगळं कबूल केलं. त्यांनी माझ्या खांद्याभोवती हात टाकला आणि येशूच्या नावाने माफी उच्चारली. मी रडलो. तुला आठवत असेल, माफ झालेलं पाप आपण पुन्हा बोलत नाही, ते समुद्राच्या तळाशी गेलं असं धरतो. मीही धरलं. ऑस्करनी विचारलं नाही की बायकोला सांगितलंस का. आणि मी इतका हलका झालो होतो की सांगायचं अजून बाकी आहे, हेच विसरलो. आईला पुन्हा दिवस गेले तेव्हा पहिल्यांदा वाटलं की ते तळाशी गेलेलं नाही, कपाटात आहे.

काल सकाळी पुन्हा तिच्या अंगावरून गेलं, या वेळी जास्त. रुग्णवाहिका जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला होती. म्हणाले, तुम्ही निघा, ती तुम्हाला अर्ध्यावर गाठेल. बिरगितमावशीकडे पोरं सोपवली. गावाबाहेर शेडपाशी मी गाडी थांबवली.

"इथे कशाला?" आई म्हणाली.

मी आत गेलो, पाकीट आणलं, तिच्या मांडीवर ठेवलं आणि गाडी सुरू केली. मी आपणहून केलं की नदीपलीकडून उत्तर येणार या भीतीने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तू माझ्या बाजूने ठरवू नकोस.

तिने टॉवेल सारखा केला आणि वाचायला लागली. कागद फिनिशमध्ये होता, तिच्या आजीच्या भाषेत, म्हणून सावकाश वाचत होती. शेवटची ओळ मोठ्याने वाचली. "पुन्हा गर्भधारणा टाळावी. पतीस समजावून सांगितले आहे."

"कधीपासून आहे हे तुझ्याकडे?"

"युहोपासून."

"आणि दवाखान्यातल्या त्या पोरीवर ओरडलास."

"हो."

"कोणाला माहीत आहे?"

मी म्हटलं, ऑस्करना. कबूल केलं होतं. त्यांनी माफ केलं.

"ऑस्करनी," ती म्हणाली. "पिशवी काय ऑस्करची आहे?"

मग तिसऱ्या पुलाजवळ म्हणाली, "इथे रेनडियर असतात, हळू घे." रुग्णवाहिका भेटली, तिला आत घेतलं. कागद तिने माझ्याकडे दिला नाही, छातीशी धरून नेला.

इथे त्यांनी तो वाचला, आणि लेआ, त्यानंतर सगळं बदललं. ज्या दवाखान्यात महिन्याभरापूर्वी तिला खाट मिळत नव्हती त्यात दहा मिनिटांत चार माणसं धावली. बारकाईची सोनोग्राफी झाली. एक बाई डॉक्टर मला म्हणाल्या, "हे आम्हाला शरदात मिळालं असतं तर आम्ही यांना एक दिवसही घरी ठेवलं नसतं." त्यांनी आवाज चढवला नाही. दवाखान्याच्या चुका होत्या, मी त्या तुला एकेक करून लिहिल्या आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. पण ती यादी मी का करत होतो, ते तू माझ्या पहिल्या पत्रातच ओळखलंस.

वार पिशवीच्या आरपार गेली आहे, मूत्राशयाला टेकली आहे.

बाबा


सोमवार, १ एप्रिल, घरून

चि. लेआस,

गुरुवारी सकाळी आठला शस्त्रक्रिया आहे. बाळ पाच-सहा आठवडे आधी निघेल, ते त्याचं बघून घेतील म्हणतात. पिशवीही त्याच वेळी काढणार. रक्ताच्या चौदा पिशव्या मागवल्या आहेत. आईने संमतीच्या कागदावर सही केली तेव्हा मी शेजारीच होतो. तिने मला विचारलं नाही, आणि ऑस्करना विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता. ते आज मी घरी पोचल्यावर आले होते. म्हणाले, "झालेलं माफ झालंय हेल्मर, स्वतःला खाऊ नकोस." मी त्यांना कॉफी दिली, चीजचे तुकडे घालून, त्यांना आवडते तशी. आणि म्हटलं की या रविवारी मी वाचणार नाही, पुढच्याही नाही.

तिच्याजवळ थांबावं असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "घरी जा. पोरांना कोणीतरी हवं." ते खरंच आहे, बिरगितमावशीला कामावर जायचं आहे. पण तिने ते ज्या आवाजात म्हटलं त्यात पोरं नव्हती. चोवीस वर्षांत ती माझ्याशी भांडली आहे, अबोला धरला आहे, एकदा पळीही फेकली आहे. असं सभ्यपणे कधी बोलली नव्हती.

आता ज्यासाठी लिहितो आहे ते.

आज मी निघण्यापूर्वी सुईणबाईंनी तिच्यापुढे एक फॉर्म ठेवला. ती शुद्धीत नसताना डॉक्टरांनी कोणाशी बोलायचं, त्या एका माणसाचं नाव त्यात लिहायचं असतं. नऊ बाळंतपणांत त्या जागी माझं नाव होतं, बहुतेक वेळा मीच ते लिहिलेलं. तिने पेन मागून घेतलं आणि तुझं नाव लिहिलं. फोन नंबर न बघता लिहिला. सुईणबाई अवघडल्या. म्हणाल्या, "मारितताई, इथे बहुतेक जणी नवऱ्याचं लिहितात."

आई म्हणाली, "याला सांगितलेलं माझ्यापर्यंत पोचत नाही."

सुईणबाईंनी फॉर्म उचलला आणि माझ्याकडे न बघता गेल्या.

तेव्हा गुरुवारी फोन तुला येईल. मला येणार नाही. तू गाडीने वर येते आहेस असं आईच्या बोलण्यातून कळलं, मला विचारायचा धीर झाला नाही. हे पत्र निघण्यापूर्वी मिळालं तर वाच. दुपारपर्यंत युहो आणि मी घरात असू, मी कामावर सुट्टी घेतली आहे, फोन स्वयंपाकघरात माझ्यासमोर असेल. डॉक्टर तुला जे सांगतील त्यातलं मला काय आणि किती सांगायचं, ते आता तुझ्या हातात आहे. तिने ते दिलं, मी हरकत घेत नाही.

एवढंच मागतो. जे असेल ते सगळं सांग. मला झेपणार नाही असं वाटून काही मागे ठेवू नकोस.

बाबा